लक्ष्मीच्या हातची पेज

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने शेवंतीला लक्ष्मी म्हणून हाक मारली. शेवंती चुलीतली राख सुपात भरत होती. पहिली हाक आली तेव्हा तिला वाटलं, बाहेर बोळात कुणी कुणाला बोलावतंय. दुसरी हाक सरळ बाजेवरून आली. "लक्ष्मी, अगो लक्ष्मी, कुठं गेलीस?" शेवंतीने सूप खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. ती तशीच उकिडवी बसून राहिली, आणि राखेतली उरलेली धग तिच्या बोटांना लागत राहिली. दाराशी तिचा नवरा, धाकू, पायताण चढवत होता. कल्याणच्या रेल्वेत तो रुळांचे सांधे बदलायचं काम करी आणि आज त्याची दिवसपाळी होती. एक पाय पायताणात, एक उघडा, असा तोही थांबला. त्या घरात लक्ष्मी हे नाव मोठ्याने घेतलं गेल्याला वर्ष झालं होतं. लक्ष्मी म्हणजे धाकूची पहिली बायको. मागल्या शिमग्यात ती गाठीच्या तापाने गेली, आणि पावसाळा सरल्यावर धाकूने शेवंतीशी पाट लावला.

"लक्ष्मी," सासू पुन्हा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "कालची कोंबरी उरलीय ना गो? तिची पेज कर. मना भूक लागलीय."

भूक हा शब्द ऐकून शेवंतीने धाकूकडे पाहिलं. होळीच्या कितीतरी आधीपासून आवडाबाईने, म्हणजे तिच्या सासूने, तोंड मिटून घेतलं होतं. भात नको, भाकरी नको, दूध दिलं तर ओठांच्या कडेने गळून उशीवर येई. थंडीच्या दिवसांत तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता आणि पाठोपाठ मनावरही. कुणी बोललं तर ती आवाजाच्या दिशेला तोंड फिरवी, पण बोलणाऱ्याला ओळखलं की नाही ते कळत नसे. काल धुळवडीला धाकूने मुद्दाम घरचा कोंबडा कापला, वास गेला तर खाईल म्हणून. वास सगळ्या घरभर गेला, शेजारच्या घरांतून तसेच वास आले, पोरं रंगाचं पाणी उडवत दारावरून ओरडत गेली, आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग धाकूही नीट जेवला नाही. अर्धा कोंबडा टोपात तसाच राहिला, तो शेवंतीने मांजराच्या भयाने शिंक्यावर टांगून ठेवला.

धाकूने दुसरं पायताण चढवलं. तो जवळ आला आणि म्हातारीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "ती म्हणेल त्याला हो म्हण. काय म्हणेल त्याला. कायतरी पोटात जाऊ दे आयच्या." त्याने शेवंतीकडे पाहिलं असतं तर ती कदाचित काही म्हणाली असती, पण तो शिंक्याकडे बघत होता. मग तो गेला. लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. कुठलाच नवरा मारत नाही, तसा तोही अगं म्हणे. पण त्या अगंमध्ये ती आपलं नाव शोधत असे, आणि कधी कधी तिला वाटे की हे अगं त्याने आधीच कुणासाठी तरी वापरून मऊ करून ठेवलेलं आहे, जुन्या लुगड्यासारखं, आणि आपण ते नेसलो आहोत.

घरातलं सगळंच तसं होतं. चुलीच्या वैलाची कड एका बाजूला झिजलेली होती, कारण लक्ष्मी डावखुरी होती आणि तिचा डावा हात तिथे टेकत असे. पाटा उजव्या हाताच्या बाईला गैरसोयीचा, दाराच्या मागे लावलेला होता. शेवंतीने तो हलवला नाही. आल्या दिवसापासून तिने काहीच हलवलं नाही. गळ्यात मंगळसूत्राबरोबर लक्ष्मीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक होता, पहिलीने दुसरीला त्रास देऊ नये म्हणून घालायचा असतो तो. पाणी भरताना वाकली की तो पुढे लोंबे आणि हंड्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज होई. शेजारची गोदा पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "सांभाळून राहा हां. तिची वासना राहिलीय या घरात. मरताना घराकडं बघत होती." शेवंतीने विचारलं होतं, काय राहिलं तिचं? गोदाने खांदे उडवले होते. "ते कुणाला ठाऊक? माणूस जातं तेव्हा कायतरी राहतंच."

शेवंतीने शिंक्यावरून टोप उतरवला. वर चरबीचा पांढरा पापुद्रा धरला होता. रात्रीच्या थंडाव्याने रस्सा दाट झाला होता आणि त्यात कोंबड्याची पाठ, मान, पंख अर्धे बुडालेले दिसत होते. दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या जेवणाला जो एक ओशाळलेला वास असतो तो नाकाशी आला. तिने पापुद्रा बोटाने बाजूला सारला. तिला काळुराम आठवला. तिचा पहिला नवरा. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांची वस्ती होती, समोर मिठागर, उन्हाळ्यात मिठाच्या ढिगांवर ऊन पडलं की डोळे उघडे ठेववत नसत. काळुरामला ताजी कोंबडी आवडत नसे. तो म्हणे, आज मुरू दे, उद्या खाऊ. सणाच्या दुसऱ्या दिवशी मिठागरातून पाय धुवून येई आणि भाकरी रश्श्यात कुस्करून खाई, आणि खाताना बोलत नसे. तोही त्याच तापाने गेला, लक्ष्मीच्या आधी. सासरी कुणी उरलं नाही, माहेरी एक भाऊ होता तोही त्याच महिन्यात गेला. खाडीवरून वारा आला की रिकाम्या घरांची दारं आपटत. मग कुणीतरी कल्याणच्या धाकूचं नाव काढलं. पाट अंधारात लावतात, उजेडात नाही. एका बाईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, झालं, आता मागं बघू नको. शेवंतीने मागे पाहिलं नाही. पुढे पाहिलं तर इथे लक्ष्मी होती.

"मांस येगलं काढ," सासू बाजेवरून म्हणाली. "हाडं ठेच आणि पाण्यात टाक. पहिल्यांदा सांगते का तुला?"

"काढते," शेवंती म्हणाली. एवढा एकच शब्द. पण तो उच्चारताच तिला अंगावरून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, कारण सासू शांत झाली होती. तिने उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले, जशी बाई आपल्या सुनेच्या हाती घर देऊन निवांत होते तशी. इतक्या महिन्यांत शेवंतीच्या कुठल्याही शब्दाने ती अशी निवांत झाली नव्हती.

शेवंतीने मांस हाडांपासून सोडवायला घेतलं. गार मांस बोटांना चिकटत होतं. मानेच्या मणक्यांतून, बरगड्यांच्या फटींतून, पंखाच्या सांध्यातून ती धागे ओढून काढत होती. ताटलीत बघता बघता बरंच जमलं. टोपात बघताना वाटलं नव्हतं एवढं. हाडं तिने पाट्यावर वरवंट्याने हलकी ठेचली, मडक्यात पाणी घालून चुलीवर ठेवली, वर आल्याचा तुकडा आणि चार मिरे टाकले. तवा तापवून कण्या परतल्या. कण्यांना भाजका वास सुटला तसं सासूच्या नाकपुड्या हललेल्या तिने पाहिल्या. बाहेर यार्डात डबे एकमेकांवर आदळले, एक आवाज, मग त्यामागून दूरवर जाणारा दुसरा. कसाऱ्याकडे जाणारं इंजिन दम खात उभं होतं. छपरातून उन्हाच्या कवडशांनी जमिनीवर ठिपके पाडले होते. वरची कौलं निम्मी जुनी आणि काळी, निम्मी नवी आणि लाल होती. मागल्या वर्षी तापाच्या दिवसांत घरात ऊन यावं म्हणून वरची कौलं काढून टाकली होती, आणि घरातली सगळी माणसं कल्याणच्या खाडीपलीकडच्या माळावर झापांची खोपटी बांधून राहिली होती. शेवंतीला ते धाकूने सांगितलं होतं. माळावर लक्ष्मीला वेगळं खोपट होतं हेही त्याने सांगितलं होतं. त्यापुढचं सांगताना तो उठून बाहेर गेला होता.

"लसूण सालासकट ठेच."

"हो."

"आणि धूर करू नको. तुझ्या डोळ्यांना सोसत नाय."

शेवंतीच्या डोळ्यांना धूर चांगला सोसत असे. तरी तिने लाकूड मागे ओढलं. तिला कळत होतं की आपण एका बाईच्या अंगात शिरतो आहोत, तिच्या डाव्या हातात, तिच्या दुखऱ्या डोळ्यांत, आणि भीती वाटायला हवी तशी वाटत नाही. वाटतो तो हेवा. मेलेल्या बाईच्या डोळ्यांची काळजी करणारं माणूस या घरात होतं. शेवंतीच्या डोळ्यांची अशी काळजी तिची आई सोडून कुणी केली होती? काळुरामने? असेल. आता आठवत नव्हतं. वर्षभरात त्याचा चेहराही पुसट होत चालला होता, फक्त जेवताना खाली घातलेली मान राहिली होती.

हाडांचं पाणी पिवळसर झालं, वर चरबीचे डोळे तरंगायला लागले. तिने हाडं झाऱ्याने उपसली, भाजलेल्या कण्या वैरल्या, कालचा रस्सा ओतला, शिजत आल्यावर मांसाचे धागे सोडले. मग तिचा हात डब्याकडे गेला आणि आंबोशीची एक फोड घेऊन आला. तिच्या घरी, मिठागरावर, अशा पेजेत आंबोशी घालत. सासूने आंबोशी सांगितली नव्हती. फोड बोटांत धरून ती थांबली. घातली तर लक्ष्मी मोडेल. नाही घातली तर या मडक्यात तिचं स्वतःचं काहीच राहणार नव्हतं. तिने फोड सोडली. ती पेजेत बुडाली, एकदा वर आली, पुन्हा बुडाली. वर लसणाची फोडणी पडली आणि चर्र आवाज घरभर झाला.

वाडग्यात पेज घेऊन ती बाजेपाशी आली तेव्हा उन्हं चढली होती. सासूने हात पुढे केले. तिचे हात वाडग्याला लागले, मग वाडग्याखालच्या शेवंतीच्या हातांना लागले, आणि तिने ते हात घट्ट धरले. वाडगा दोघींच्या मध्ये डुचमळला.

"जवळ आलीस ना," सासू म्हणाली. "ये. अजून जवळ ये. आज मी नाय म्हणणार नाय."

शेवंतीला समजलं नाही. ती बाजेच्या कडेला टेकली.

"त्या दिवशी मी म्हटलं, तिथंच ठेव. पुढं येऊ नको." सासूचे पांढरे डोळे शेवंतीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. "तू अशीच पेज घेऊन आलीस. कालची कोंबरी उरली होती, म्हणालीस, आत्याबाय, तुम्हाला आवडते तशी केलीय. तुझं तोंड लाल झालेलं. पाय हलत होते. मी बघितलं आणि मना कळलं. मी म्हटलं, तिथंच ठेव जमिनीवर. तू वाडगा ठेवलास. आणि उभी राहिलीस. मी म्हटलं, जा, तुझ्या खोपटात जा."

बाहेरचं इंजिन सुटलं. त्याचा आवाज हळूहळू चढत गेला आणि मग लांब गेला. सासू थांबली नव्हती, नुसती दम घेत होती.

"तू खोपटाच्या दारातून बघत होतीस. वाडगा तिथंच. ऊन आलं, माशा आल्या. मी उचलला नाय. हातात धरवत नव्हता गो. मना मरायचं नव्हतं. म्हातारी बाई, काय करायचं होतं जगून, पण नव्हतं मरायचं. संध्याकाळी कुत्र्याने खाल्लं. तू बघत होतीस. मग धाकू म्हणाला, ती बोलत नाय आता."

शेवंतीच्या हातांत वाडगा गरम होता. सासूच्या बोटांखाली तिची बोटं भाजत होती, पण ती सोडवून घेता येत नव्हती. तिच्या मनात आलं की उठून सांगावं, मी ती नव्हे. मी शेवंती. मला हे ऐकायचं नाही, हे माझं नाही. धाकूने तिला हो म्हणायला सांगितलं होतं, पण हे हो त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असेल तर? त्या दिवशी तोही त्या माळावरच होता. त्यानेही तो वाडगा जमिनीवर पाहिला असेल. तिला माळ दिसला, जो तिने कधी पाहिला नव्हता. उन्हातला वाडगा, भोवती रिकामी जागा, आणि खोपटाच्या दारात टेकलेली एक बाई, जिला आपण केलेलं कुणी खातं का एवढंच बघायचं होतं. गोदा म्हणाली होती ती घराकडे बघत होती. घराकडे नाही, शेवंतीला वाटलं. वाडग्याकडे.

"भरव मना," सासू म्हणाली. "तुझ्या हाताने भरव."

शेवंतीने एक घोट फुंकून गार केला आणि ओठांशी नेला. म्हातारीचं तोंड उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गळा हलला, घास खाली गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ती थांबली आणि जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"आंबट हाय."

शेवंतीने वाडगा मागे घेतला.

"आंबट कधीपासून घालायला लागलीस तू?"

"आज घातलं," शेवंती म्हणाली. "वाटलं म्हणून."

सासूच्या चेहऱ्यावर काही उमटत होतं आणि विरत होतं. ते काय होतं ते शेवंतीला सांगता आलं नसतं. मग ती म्हणाली, "बरं लागतंय," आणि तोंड पुन्हा उघडलं.

वाडगा अर्ध्याहून अधिक रिकामा झाला. शेवंतीने पदराने तिचं तोंड पुसलं. म्हातारीच्या गालांवर ओल होती, ती तिने पुसली नाही. ती पुसायचा हक्क आपला आहे का हे तिला कळेना. सासू बराच वेळ तशीच पडून होती. झोपली असं वाटून शेवंती उठायला लागली, तेव्हा तिने मनगट धरलं.

"लक्ष्मी, ऐक. खाल्लं मी. बघितलंस ना? तुझ्या हातचं खाल्लं."

"बघितलं."

"मग आता तू जा."

शेवंती उभी होती तशीच राहिली.

"घरात दुसरी आलीय," सासू म्हणाली. ती आता हळू आवाजात बोलत होती, जसं घरातल्या माणसाने ऐकू नये म्हणून बोलतात. "शेवंती नाव तिचं. तू असतेस ना इथं, चुलीपाशी, दारामागं, ती अंग चोरून राहते. जेवत नाय धड. मना दिसत नाय, पण कळतं. तिचं सगळं गेलंय गो. घर गेलं, माणसं गेली. तिला दुसरं कुठं जायला नाय. तुला आहे. तू जा आता."

आपलं नाव शेवंतीने या बाईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तिला उद्देशून नव्हतं. तिच्यासाठी ही म्हातारी भांडत होती, तिच्याशीच. मनगटावरची पकड सुटत नव्हती. उत्तर द्यायला हवं होतं. घरातून निघताना बाई म्हणते ते 'येते' तिच्या ओठांवर आपोआप आलं, लहानपणापासून तेच म्हणायची सवय. 'जाते' असं घरातून निघणारं माणूस म्हणत नाही, म्हणू देत नाहीत. पाट लावून आली त्या रात्री आपल्या रिकाम्या घराच्या उंबऱ्यावरही ती 'येते' असंच म्हणाली होती, आत कुणी नसताना.

"जाते, आत्याबाय," ती म्हणाली.

पकड सुटली.

ती पुढच्या दाराने बाहेर पडली. जायला हवं होतं. नुसतं म्हणून चाललं नसतं. बाहेर फाल्गुनातलं ऊन सरळ डोक्यावर होतं. बोळातल्या भिंतींवर कालचे रंगाचे डाग सुकून काळपट झाले होते. गोदा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"कुठं निघालीस गं उन्हाची?"

शेवंती बोळाच्या टोकापर्यंत चालत गेली. पुढे रूळ होते, रुळांपलीकडे ठाण्याकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी खाडी आणि दारं आपटणारी घरं. तिथे उभं राहून तिने मागे वळून पाहिलं. घर दिसत होतं, निम्म्या काळ्या आणि निम्म्या लाल कौलांचं, छपरातून चुलीचा बारीक धूर निघत होता. त्या बाईला हे असं दिसत असेल, तिच्या मनात आलं. बाहेरून. आत जाता न येता. तिला रडू आलं. कुणासाठी ते तिने ठरवलं नाही. काळुराम होता त्यात, भाऊ होता, आणि जिला तिने कधी पाहिलं नव्हतं ती डावखुरी बाईही होती. गोदाने तांदूळ बाजूला ठेवले होते, पण ती उठून आली नाही, आणि ते बरं झालं.

मग शेवंतीने डोळे पुसले, घराला वळसा घातला आणि मागच्या पडवीच्या दाराने आत आली.

"कोण?" सासूने विचारलं.

"मी. शेवंती."

"शेवंती," म्हातारी म्हणाली, नाव तोंडात धरून पाहिल्यासारखं. चेहरा तिच्याकडे वळला. "कुठं गेलेलीस? लक्ष्मी येऊन गेली. पेज करून गेली. मी जेवले. तुझ्यासाठी ठेवलीय मडक्यात, गार व्हायच्या आत खा."

"खाते."

"पोटभर खा. धाकूला नंतर बघ."

शेवंतीने मडक्यातली पेज ताटात काढून घेतली. चुलीजवळ तिने पाट घेतला, भिंतीला पाठ टेकली, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेलं जेवण असावं तशी, सावकाश जेवली.